धागा : ७,२०,७२० या संख्येचा पूर्ण पंचनामा – विभाजक, कसोट्या आणि ती कोणकोणत्या वर्गांत बसते

पांदण (आर्णी, जि. यवतमाळ)

आठवी शिष्यवृत्तीच्या सरावाला एकच मोठी संख्या घ्यावी आणि तिच्यावर आठवडाभर काम करावं, त्यासाठी हा धागा. संख्या ७,२०,७२०. १ ते १६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने भाग जाणारी ही लहानात लहान संख्या, म्हणजे १ ते १६ चा लसावि.

काढायची रीत: १६ पर्यंतच्या मूळ संख्या लिहा – २, ३, ५, ७, ११, १३. प्रत्येकीचा १६ च्या आत बसणारा सर्वांत मोठा घात घ्या. २ चा १६, ३ चा ९, बाकीच्यांचा पहिलाच घात, कारण २५ आणि ४९ हे १६ च्या पुढे जातात. १६ × ९ × ५ × ७ × ११ × १३ = ७,२०,७२०.

मुलं दोन ठिकाणी हमखास चुकतात. काही जण सोळाही संख्यांचा गुणाकार करतात. तो २,०९,२२,७८,९८,८८,००० येतो, लसाविच्या २,९०,३०,४०० पट. दुसरी चूक जास्त चिवट आहे: २, ४, ८, १६ हे सगळे वेगवेगळे अवयव म्हणून लिहायचे. १६ मध्ये ८ आहेच, हे पटायला १६ चे २ × २ × २ × २ असे तुकडे पाटीवर मांडून दाखवावे लागतात.

ही संख्या आणखी कशाकशात मोडते ते सगळ्यांनी लिहावं. प्रत्येक विधानाला पडताळा जोडा.

वर्धाकाठ (आर्वी, जि. वर्धा)

आधी स्वल्पविरामाचं बोलू. आपण ७,२०,७२० असं लिहितो आणि त्यात तिचा सर्वांत मोठा गुण झाकला जातो. तीन-तीन अंकांचे गट पाडा: ७२० | ७२०. तोच आकडा दोनदा. म्हणजे ७२० × १००१, आणि १००१ = ७ × ११ × १३. तीन अंकी कोणतीही संख्या शेजारी-शेजारी दोनदा लिहिली की तिला ७, ११, १३ ने भाग जाणारच. इथे ७२० सुद्धा साधी नाही, १ ते ६ चा गुणाकार आहे.

आता आपल्या लाख-हजाराच्या पद्धतीसारखे उजवीकडून दोन-दोनचे गट पाडा: ७२ | ०७ | २०. बेरीज ७२ + ७ + २० = ९९. म्हणून ९९ ने भाग जातो, आणि त्यातच ९, ११, ३३ आले. भागाकार ७,२८०. हीच कसोटी लावताना मधल्या ०७ मधलं शून्य गाळून ७२ | ७२ | ० असे गट पाडणारी मुलं असतात. गट नेहमी उजवीकडूनच पाडायचे.

१६ साठी शेवटचे चार अंक बघायचे, तीन नाही. ०७२० म्हणजे ७२०, आणि ७२० = १६ × ४५.

तुरीची_शेंग (दर्यापूर, जि. अमरावती)

गुरुजी, एक गोष्ट जुडून नाई राह्यली. १७ ची कसोटी लावली: शेवटचा अंक काढाचा, त्याची पाचपट उरलेल्यातून वजा कराची. ७,२०,७२० वरून ७२,०७२. मंग ७,१९७. मंग ६८४. मंग ४८. ४८ ले १७ नं भागलं तं बाकी १४. पण सरळ भागाकार केला तं बाकी ५ येते. काऊन?

वर्धाकाठ

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर बहुतेक गाइडांत नसतं. ही कसोटी फक्त ‘भाग जातो की नाही’ एवढंच सांगते, बाकी सांगत नाही.

कारण असं. संख्या १०क + ख धरा. कसोटीने ती क − ५ख होते. या नव्या संख्येला १० ने गुणलं तर १०क − ५०ख, म्हणजे जुन्या संख्येपेक्षा ५१ख ने कमी. ५१ हा १७ च्या पाढ्यातलाच आहे, म्हणून बाकीच्या हिशोबात तो गळतो. थोडक्यात, जुनी संख्या = १० × नवी, १७ च्या बाकीपुरतं. प्रत्येक पायरीला १० ने गुणणं बाकी राहतं. तुम्ही चार पायऱ्या केल्या, म्हणून १४ ला १०,००० ने गुणायला हवं. १०,००० ला १७ ने भागून बाकी ४ उरते. १४ × ४ = ५६, आणि ५६ वजा ५१ = ५. जुळलं.

बाकी शून्य असेल तर कितीही वेळा १० ने गुणा, शून्यच. म्हणून भाग जाण्यापुरती कसोटी खरी ठरते. ७ ची ‘दुप्पट वजा करा’ वाली रीतसुद्धा बाकीच्या बाबतीत अशीच फसवते.

मेळघाट_पाटी (धारणी, जि. अमरावती)

विभाजकांचा तक्ता वर्गात करून घेण्यासारखा आहे. घातांक ४, २, १, १, १, १. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार: ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४० विभाजक. मुलांना ‘२४०’ सांगून उपयोग नाही, ते डोळ्यांनी दिसायला हवेत.

संख्या १४४ × ५००५ अशी फोडा. या दोघांत सामाईक अवयव नाही, म्हणून १४४ चा एक विभाजक आणि ५००५ चा एक विभाजक अशा प्रत्येक जोडीचा गुणाकार वेगळा येतो. २२ × २८ इंची कार्डशीट घ्या. डावीकडे उभ्याने १४४ चे १५ विभाजक: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १६, १८, २४, ३६, ४८, ७२, १४४. वरती आडव्याने ५००५ चे १६: १, ५, ७, ११, १३, ३५, ५५, ६५, ७७, ९१, १४३, ३८५, ४५५, ७१५, १००१, ५००५. रकाना ३ सेंमी रुंद आणि २.५ सेंमी उंच ठेवला तर मथळ्यासकट ५१ × ४० सेंमीत बसतो आणि सहा अंकी संख्या मोकळी लिहिता येते. २ सेंमीचे रकाने केले की मोठे आकडे एकमेकांत घुसतात आणि पुढचा पडताळा बिघडतो.

रकाने भरण्याआधी मथळे तपासा. ५००५ च्या ओळीत ९१ आणि १४३ हे दोन विसरले जातात. ओळीची बेरीज ८,०६४ आलीच पाहिजे. ७,९७३ आली तर ९१ राहिला, ७,९२१ आली तर १४३. उभ्या ओळीची बेरीज ४०३. या दोन बेरजांचा गुणाकार, ४०३ × ८,०६४ = ३२,४९,७९२, हीच सगळ्या २४० विभाजकांची बेरीज. २४० आकडे एकेक करून मिळवायची गरजच नाही.

तक्ता भरला की जोड्या शोधायला लावा. वरून पाचवी ओळ आणि खालून पाचवी, डावीकडून सहावा रकाना आणि उजवीकडून सहावा: २४ × ३५ = ८४० आणि ६ × १४३ = ८५८. ८४० × ८५८ = ७,२०,७२०. वर्गमूळ ८४८.९ च्या आसपास आहे आणि त्याच्या सर्वांत जवळची जोडी हीच. रकाने १६, म्हणजे सम, म्हणून कोणताही रकाना स्वतःचाच जोडीदार होत नाही. यावरूनच ही पूर्ण वर्ग नाही हे दिसतं. पूर्ण वर्ग असलेले विभाजक मात्र सहा आहेत, आणि सगळे पहिल्या रकान्यात सापडतात: १, ४, ९, १६, ३६, १४४.

तुरीची_शेंग

तक्ता पक्का जुडला. पण आता दुसरा पेच. एकराचे चौरस फूट ४३,५६०. त्याचे अवयव पाडले तं २, ३, ५ आन् ११ च निंगतात. हे चारही ७,२०,७२० मंदी हायत. तरी भाग जात नाई, १६ येऊन बाकी २३,७६० उरते. असं काऊन?

पांदण

अवयव कोणते आहेत एवढं पाहून चालत नाही, किती वेळा आहेत तेही पाहावं लागतं. एक गुंठा ३३ × ३३ फूट, त्यात ११ दोनदा आला. ४० गुंठ्यांचा एकर = २^३ × ३^२ × ५ × ११^२. आपल्या संख्येत ११ एकदाच आहे.

आपल्याकडची मापं या एका संख्येला लावून पाहिली की घातांकांचा धडा आपोआप होतो. आठवडी बाजाराचा ७ दिवसांचा फेरा: जातो, १,०२,९६० आठवडे. डझन जातो. १६ आण्यांचा रुपया जातो. ४० शेरांचा मण जातो. आता न जाणारी मापं बघा:

तोळा – १२ मासे, माशाला ८ गुंजा, म्हणजे ९६ गुंजा = २^५ × ३. आपल्याकडे २ चा चौथाच घात आहे. ७,५०७ तोळे होऊन ४८ गुंजा उरतात, नेमका अर्धा तोळा.

क्विंटल – १०० किलो = २^२ × ५^२. ५ एकदाच आहे, बाकी २०.

कापसाची गाठ – १७० किलो = २ × ५ × १७. इथे १७ मुळातच नाही. बाकी ९०.

चार मापं, चार वेगळी कारणं: ११ कमी पडला, २ कमी पडला, ५ कमी पडला, आणि १७ नव्हताच. चारही बसवायची असतील तर ११ × २ × ५ × १७ = १,८७० ने गुणा: १,३४,७७,४६,४००. याहून लहान संख्येने काम भागणार नाही.

झाडीपट्टी (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

पांदण यांची शेवटची संख्या वर्गीकरणाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे, तिच्याकडे परत येतो.

७,२०,७२० ची मुख्य ओळख ‘हायली कॉम्पोझिट’ ही आहे: तिच्यापेक्षा लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. या संख्यांचा पद्धतशीर अभ्यास रामानुजन यांनी १९१५ साली छापलेल्या दीर्घ निबंधात केला. आजूबाजूच्या अशा संख्या पाहा. ४,९८,९६० ला २०० विभाजक, ५,५४,४०० ला २१६, ६,६५,२८० ला २२४, ७,२०,७२० ला २४०. त्यानंतर एकदम १०,८१,०८० ला २५६ आणि १४,४१,४४० ला २८८.

मधल्या मोठ्या टप्प्यात २४० च्या वर कोणी जात नाही. सहा अंकी संख्यांत २४० हाच उच्चांक, आणि तो पाच संख्या गाठतात: ७,२०,७२०, ८,३१,६००, ९,४२,४८०, ९,८२,८००, ९,९७,९२०. यातली पहिलीच हायली कॉम्पोझिट. बाकीच्या चार तिची बरोबरी करतात, तिला ओलांडत नाहीत. ‘सर्वांत जास्त विभाजक असलेली सहा अंकी संख्या कोणती?’ असा प्रश्न काढणाऱ्याने ‘लहानात लहान’ हे शब्द घातलेच पाहिजेत, नाहीतर पाच उत्तरं बरोबर ठरतात.

घातांकांचा नियम: मूळ संख्या चढत्या क्रमाने लिहिल्या तर घातांक कधीच वाढू नयेत, आणि मधली एकही मूळ संख्या सुटू नये. इथे ४, २, १, १, १, १, ठीक. शेवटच्या मूळ संख्येचा घातांक १ असतो; अपवाद फक्त ४ आणि ३६.

पांदण यांच्या १,३४,७७,४६,४०० चे घातांक ५, २, २, १, २, १, १. सातावर १ आणि अकरावर २, म्हणजे घातांक वाढला. दोघांची अदलाबदल करा, ७ चा वर्ग आणि ११ एकदा: संख्या ८५,७६,५६,८०० इतकी खाली येते आणि विभाजक तेवढेच राहतात, दोन्हीकडे १,२९६. लहान संख्येला तितकेच विभाजक मिळाले, म्हणजे मोठी या वर्गातून बाद. मात्र एकराचं काम मोठीच करते, कारण तिथे ११ दोनदा लागतो.

यापुढची पायरी ‘सुपीरियर हायली कॉम्पोझिट’. संख्या मोठी असली की जास्त विभाजकांना वाव मिळतो, म्हणून वाढीची किंमत वजा करून तुलना करायची: विभाजकांची संख्या भागिले त्या संख्येचाच एक ठरावीक घात. घात ०.२६५ घेऊन पाहा. ५५,४४० ला ६.६४, ७,२०,७२० ला ६.७३, १४,४१,४४० ला ६.७२. ७,२०,७२० पुढे. साधारण ०.२६३ ते ०.२७० यांच्यामधला कोणताही घात घेतला तरी तीच पुढे राहते. वरची हद्द १३ मुळे ठरते, खालची २ मुळे. घात याहून मोठा घेतला तर १३ घेणं परवडत नाही आणि ५५,४४० जिंकते. लहान घेतला तर आणखी एक २ घेणं फायद्याचं होतं आणि १४,४१,४४० जिंकते.

या वर्गाची साखळी २, ६, १२, ६०, १२०, ३६०, २,५२०, ५,०४०, ५५,४४०, ७,२०,७२० अशी आहे, म्हणजे आपली दहावी. प्रत्येक वेळी एकाच मूळ संख्येने गुणाकार होतो. ५५,४४० × १३ म्हणजे ७,२०,७२०.

विभाजक मोजण्याऐवजी त्यांची बेरीज पाहिली तर ‘कोलोसली अबंडंट’ हा वर्ग येतो, आणि तिथेही हीच संख्या दहावी. दोन्ही साखळ्या पहिल्या १५ संख्यांपर्यंत एकच आहेत.

मेळघाट_पाटी यांची बेरीज ३२,४९,७९२ घ्या. भागिले ७,२०,७२० = २४८/५५, म्हणजे ४.५०९. परिपूर्ण संख्येत (जिच्या स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते, जसं ६ = १ + २ + ३) हे गुणोत्तर २ असतं. इथे ते दुपटीहूनही जास्त.

हे गुणोत्तर किती वर जाऊ शकतं? १९८४ साली रॉबिन या गणितज्ञांनी दाखवलं की ५,०४० च्या पुढच्या प्रत्येक संख्येसाठी ते १.७८१ × (संख्येच्या नैसर्गिक लॉगचा नैसर्गिक लॉग) यापेक्षा कमी राहणं आणि रीमान यांचं गृहीतक (मूळ संख्यांच्या विखुरणीशी जोडलेलं, अजून सिद्ध न झालेलं विधान) खरं असणं, ही एकच गोष्ट आहे. आपल्या संख्येसाठी: लॉग १३.४८८, त्याचा लॉग २.६०१८, गुणिले १.७८१ म्हणजे ४.६३४. ४.५०९ त्याच्या आत आहे. ५,०४० वर मात्र गुणोत्तर ३.८३८ आणि मर्यादा ३.८१७, म्हणजे तिथे अट मोडते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हा पडताळा घेताना ‘लॉग’ची कळ दाबू नका, ती १० च्या आधाराची असते. नैसर्गिक लॉगची कळ वेगळी असते.

संत्राबाग (वरुड, जि. अमरावती)

यात एक भर. २ ते १६ ने भाग जातो, म्हणून १ मिळवलं की ७,२०,७२१ ला यांपैकी कशानेच भाग जाणार नाही. म्हणजे ती मूळ संख्या ठरते. मूळ संख्या संपत नाहीत हे दाखवणारा युक्लिडचा युक्तिवाद हाच.

झाडीपट्टी

नाही ताई, इथे थांबा. युक्लिडच्या युक्तिवादातून एवढंच निघतं की ७,२०,७२१ चा प्रत्येक मूळ अवयव १३ पेक्षा मोठा असेल. ती स्वतः मूळ असेलच असं नाही. ७,२०,७२१ = ७१ × १०,१५१. दोन्ही मूळ संख्या आहेत.

खालची शेजारीणही मूळ नाही: ७,२०,७१९ = ३१ × ६७ × ३४७.

मूळ आहे की नाही हे ठरवायला वर्गमूळापर्यंत, म्हणजे ८४८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. ७,२०,७२१ साठी १७ पासून सुरुवात केली तर ७१ पर्यंत जायला लागतं. ४३ किंवा ४७ ला कंटाळून थांबलं की चूक होते. लहान लसाविंनी ही समजूत पक्की होते: ६० + १ = ६१ मूळ, ४२० + १ = ४२१ मूळ, २,५२० + १ = २,५२१ मूळ. पण मधेच ८४० + १ = ८४१ आहे, आणि ती २९ चा वर्ग.

संत्राबाग

बरोबर, ७१ ने भागून पाहिलं. प्रश्नपत्रिकेतलं विधान बदलते: ‘२ ते १६ पैकी प्रत्येकाने भागून बाकी १ उरते अशी १ पेक्षा मोठी लहानात लहान संख्या’. उत्तर ७,२०,७२१ च, फक्त ‘मूळ’ हा शब्द काढला.

त्याला जोडून पुढचा प्रश्न: बाकी सगळीकडे १, पण १७ ने पूर्ण भाग जावा. हा कसा सोडवायचा?

वर्धाकाठ

ही कुट्टकाची जागा. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये मांडलेली रीत हेच करते: मोठ्या भाजकावरून लहान भाजकावर उतरत जायचं.

संख्या ७,२०,७२० × क + १. तुरीची_शेंग यांच्या वरच्या हिशोबातून ७,२०,७२० ची १७ ने बाकी ५ आहे, म्हणून ५क + १ ला १७ ने भाग जायला हवा. ५क + १ = १७य लिहा. मग १७य − १ ला ५ ने भाग जावा. १७ मधून १५ काढा: २य − १ ला ५ ने भाग जावा. य = ३ चालतो, कारण ६ − १ = ५. आता परत वर: क = (५१ − १) ÷ ५ = १०.

उत्तर ७२,०७,२०१. पडताळा: १७ × ४,२३,९५३ = ७२,०७,२०१. वरच्या चुकीच्या बाकीने, १४ घेऊन, हेच केलं असतं तर क = ६ आला असता आणि ४३,२४,३२१ ही चुकीची संख्या हाती लागली असती. तिला १७ ने भागलं तर बाकी १४ उरते.

मेळघाट_पाटी

लहान वर्गांसाठी दोन गोष्टी. अंकांची बेरीज ७ + २ + ० + ७ + २ + ० = १८, आणि ७,२०,७२० ÷ १८ = ४०,०४०. म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर यांनी दिलं. चौथीची मुलंसुद्धा हे करू शकतात.

दुसरी अशी की तिला स्वतःच्या विभाजकांच्या संख्येनेही भाग जातो: ७,२०,७२० ÷ २४० = ३,००३. हा ३,००३ पास्कलच्या त्रिकोणात (ज्यात प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज असतो) आठ ठिकाणी येतो. ७८ मधून २, १५ मधून ५, १४ मधून ६ निवडण्याचे प्रकार तितकेच, प्रत्येकाची आरशातली जोडी, शिवाय ३,००३ व्या ओळीतली दोन टोकांजवळची घरं. आठ वेळा येणारी दुसरी संख्या आजवर सापडलेली नाही.

तुरीची_शेंग

१७ चा घोळ समजला. आता गाठीसाठी १७ घेतला तं १ ते १७ चा लसावि १,२२,५२,२४० होते ना? आन् १८ साठी पुन्हा गुनाव लागते का?

पांदण

१,२२,५२,२४० बरोबर. १८ साठी काही गुणायचं नाही. २ × ९ आधीच आत आहे, लसावि तोच राहतो. १९ ला गुणावं लागतं: २३,२७,९२,५६०. २० ला परत काही नाही. लसावि फक्त मूळ संख्येवर किंवा तिच्या पूर्ण घातावर बदलतो, म्हणून २३,२७,९२,५६० नंतरची पुढची उडी २३ वर, मग २५ वर, कारण तिथे ५ दुसऱ्यांदा लागतो. क्विंटलचा अडकलेला ५ तिथे सुटतो.